जखम दिसते, व्याधि दिसत नाहीं

लढायांचा इतिहास आपण शाळेंत शिकलों, तो बहुतेक सनावळीचा. अमुक सालीं लढाई झाली, अमुक जिंकला, अमुक हरला, तह झाला. आणि तहाबरोबर धडाहि संपला. परंतु लढाई संपली म्हणजे शिपायाची गोष्ट संपते असें नाहीं. तो घरीं येतो. कोणी धडधाकट येतो, कोणी कुबडी घेऊन येतो. आणि कोणी असा येतो कीं, वरून पाहणाऱ्यास त्याच्यांत कांहीं उणें दिसूं नये, पण रात्रीं तो दचकून उठतो, चार पायऱ्या चढतांना त्याला धाप लागते, किंवा शेतांत काम करतां करतां एकाएकीं फेफरें येऊन पडतो. या तिसऱ्या माणसाचें सरकारशीं असलेलें देणेंघेणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हें दुखणें मला चाकरींत लागलें, असें तो म्हणतो. तें तुझ्या प्रकृतींतच होतें, असें सरकार म्हणतें. मग खरें कोणाचें, आणि तें सिद्ध कोणी करावयाचें? या एका प्रश्नाचा इतिहास सनावळीइतकाच अभ्यास करण्याजोगा आहे.

प्रारंभ आपल्या घरापासूनच करूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून, शिवछत्रपतींचें चरित्र लिहिलें. १६५९ सालीं अफझलखानाचा पाडाव झाल्यानंतर महाराजांनीं आपल्या लोकांची वास्तपुस्त कशी केली, तें त्यांत नमूद आहे. जे पडले त्यांच्या मुलांचें चालविलें. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें. आणि जे जखमी झाले त्यांना, जखम लहान कीं मोठी हें पाहून, पंचवीसांपासून दोनशें होनांपर्यंत रक्कम दिली. पुढें पेशवाईंतहि पडलेल्या शिपायाच्या मुलांबाळांस बालपरवेशी म्हणून नेमणूक करून देण्याचा प्रघात होता.

या व्यवस्थेची थोरवी उघड आहे. पाहणारा धनी, दाखविणारा शिपाई, आणि मध्यें जखम. ती कोठें झाली, कशानें झाली, असें विचारण्याचें कारणच नव्हतें, कारण रणांगण सर्वांच्या डोळ्यांसमोर होतें. परंतु या व्यवस्थेची मर्यादाहि तिच्या थोरवींतच दडलेली आहे. जी इजा दिसते तिचें मोल ठरवितां येतें. मोहिमेंत हिंवतापानें खंगलेल्या माणसाची जखम कोठें पाहावयाची? हा प्रश्न पुढच्या काळानें विचारला.

कंपनी सरकारच्या अमलांत पेन्शन हा शब्द आपल्या खेड्यांत रुळला. कोंकणांत दापोलीच्या कँपांत म्हाताऱ्या व जायबंदी देशी शिपायांची निराळी पलटण असे, आणि त्यामुळें पेन्शनर लोकांची तेथें वस्ती झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे निवृत्तीनंतर कांहीं काळ तेथेंच राहिले. याच दापोलींतील एक पेन्शनर, गोपाळ बाबा वलंगकर, यांनीं महारांची लष्करभरती बंद पडली तेव्हां १८९४ सालीं सरसेनापतींकडे दाद मागणारा अर्ज तयार केला. तो अर्ज अपंगत्वाचा नव्हता, भरतीचा होता. तरी त्याचें स्मरण येथें अवश्य आहे. सरकारनें दिलेला निर्णय हा ब्रह्मलिखित नव्हे, त्याला लेखी उत्तर देतां येतें, ही गोष्ट त्या जुन्या शिपायानें आपल्या समाजास शिकविली.

आपलें शहर, पूर्वींचें औरंगाबाद आणि आजचें छत्रपति संभाजीनगर, हें तर छावणीचेंच शहर. निजामाच्या खर्चानें व इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं चालणारी हैदराबाद कंटिंजंट फौज येथें, हिंगोलीस आणि मोमिनाबादेस म्हणजे आजच्या अंबाजोगाईस असे. १९०३ सालीं ती हिंदी सैन्यांत विलीन झाली. तिच्या घोडदळांतून निघालेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सनें १४ जुलै १९१६ रोजीं फ्रान्समध्यें, सोमच्या रणांगणावर, हाय वुड नांवाच्या राईजवळ शत्रूवर घोडे घातले. तिच्या पायदळांतून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ सालीं तिनेंच कुमाऊं हें नांव धारण केलें. तेव्हां शिपायाच्या मागाहूनच्या हालहवालाचा प्रश्न आपल्याला परका नाहीं.

पहिल्या महायुद्धाला आपल्या खेड्यांतून लाम म्हणत, आणि अमक्याचा मुलगा लामावर गेला असें सांगत. त्या लामावर सहावी, म्हणजे पुणें डिव्हिजन गेली. तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियांत, आजच्या इराकांत, तैग्रिस नदीकांठीं कूत-अल-अमारा येथें ही फौज डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यांत अडकली. धान्य संपत आलें. गोऱ्या शिपायांत बेरीबेरी पसरला. हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरली, कारण भाजीपाला मिळेना आणि घोड्याचें मांस खाण्यास पुष्कळांनीं दीर्घकाळ नकार दिला. या रोगांत हिरड्या सुजतात, दांत हलतात, भरत आलेल्या जखमा पुन्हां उघडतात. शरणागतीनंतर कैदेंतील पायपिटीनें व रोगांनीं कित्येक दगावले. जे परत आले त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या अंगावर तलवारीचा वार नव्हता कीं गोळीची खूण नव्हती. तरी त्यांचें शरीर लढाईनेंच खाल्लें होतें, हें कोण नाकारील?

ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठीं निदान कांहीं संस्था उभ्या राहिल्या. १९१७ सालीं मुंबईंत जायबंदी शिपायांना धंदेशिक्षण देण्याकरितां क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुढें पुण्याजवळ खडकीस आली. १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालें. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागल्या, कमरेखालचें अंग लुळें पडलें, आणि त्याच गृहस्थांनीं १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या ऑलिंपिकमध्यें पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. त्यांच्या इजेचें कारण कोणतें, असा प्रश्न कोणाच्या मनांत येईल? गोळी स्वतःच साक्षीदार असते. रोगाला असा साक्षीदार नसतो. त्याची साक्ष कागदच देतो, आणि कागद असतो सरकारच्या दप्तरीं.

या अडचणींतून वाट काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न ब्रिटनमध्यें झाला. दुसरें महायुद्ध चालूं असतांच, १९४३ सालीं, तेथें सैनिकांच्या पेन्शन-अपिलांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांचा कायदा झाला. त्याच वर्षीं राजाज्ञेनें असें तत्त्व घालून दिलें कीं, दावा सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नसावा आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला मिळावा. या न्यायाधिकरणांवरील अपिलें १९४५ पासून न्यायमूर्ति डेनिंग यांच्यापुढें चालत. १९४७ सालीं मिलर नांवाच्या खटल्यांत एका मृत सैनिकाच्या पत्नीचा दावा त्यांच्यापुढें आला. दावा फेटाळला गेला. परंतु वाजवी शंका म्हणजे काय, तिची सीमा कोठें, याची जी फोड त्यांनीं त्या निकालांत केली ती इतकी मान्य झाली कीं, आपल्या देशांतील फौजदारी न्यायालयेंहि आजवर तिचा आधार घेतात. खुनाच्या आरोपीस जी शंका तारते तिची व्याख्या एका शिपायाच्या पेन्शनच्या खटल्यांतून आली आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

स्वतंत्र भारतांत या विषयाची घडी दोन नियमावलींनीं बसविली. १९६१ च्या सेना-पेन्शन नियमांनीं असें ठरविलें कीं, सैनिक अपंगत्वामुळें सेवेंतून बाहेर पडला, तें अपंगत्व सेवेमुळें उद्भवलेलें किंवा सेवेमुळें बळावलेलें असलें, आणि त्याचें प्रमाण शेंकडा २० किंवा अधिक ठरलें, तर त्याला अपंगत्वाचें पेन्शन मिळावें. उद्भवलेलें आणि बळावलेलें, या दोन शब्दांत भेद आहे. तोफखान्यांत वर्षानुवर्षें काम करून कान बधिर झाले, तर तें सेवेंतून उद्भवलें. रक्तदाबाची प्रवृत्ति अंगांत असेल, पण १९८४ पासून ज्या सियाचीनच्या बर्फावर आपलें सैन्य पहारा देत आहे तेथील विरळ हवेनें ती विकोपास गेली, तर ती सेवेनें बळावली. दोन्हींचा हक्क सारखाच.

दुसरी नियमावली १९८२ ची. तिनें तीन गोष्टी सांगितल्या. भरतीच्या वेळीं वैद्यकीय कागदांत ज्या रोगाची नोंद नाहीं तो त्या वेळीं नव्हता, आणि माणूस निरोगी होता, असें धरून चालावें. दावेदाराला आपला हक्क शाबीत करावयास लावूं नये. आणि वाजवी शंका असेल तेथें तिचा फायदा त्याला द्यावा. प्रत्यक्ष मोर्चावर अथवा जहाजावर नोकरी केलेल्यास तर अधिक उदारपणें द्यावा. विचार करा, श्रोतेहो. रंगरूट भरतीस आला तेव्हां सरकारनेंच त्याची छाती मोजली, डोळे तपासले, दांत पाहिले आणि हा तंदुरुस्त आहे असा शिक्का मारला. तोच माणूस दहा वर्षांनीं रोगी होऊन निघाला, तर मधल्या दहा वर्षांचा हिशेब देण्याची पाळी कोणाची? नियमानें उत्तर दिलें, सरकारची.

उत्तर असें स्पष्ट असतां तंटा उरतो कोठें? तो उरतो वैद्यकीय मंडळाच्या कागदांत. सैनिक सेवा सोडतो तेव्हां हें मंडळ त्याला तपासतें, रोगाचें नांव लिहितें, शेंकडेवारी ठरवितें आणि रोगाचा सेवेशीं संबंध आहे कीं नाहीं यावर मत देतें. या शेवटच्या रकान्यांत पुष्कळदां एवढेंच लिहिलेलें असतें कीं, रोग प्रकृतिजन्य आहे, सेवेशीं संबंध नाहीं. कां नाहीं, तें लिहिलेलें नसतें. त्या एका ओळीवर माणसाच्या पुढच्या आयुष्याची भाकरी अवलंबून असते.

खेड्यांत मास्तर हा गांवाचा लेखनिकहि असतो. माझ्या नोकरीच्या काळांत अशीं इंग्रजी पत्रें घेऊन माजी सैनिक माझ्याकडे येत, आणि मीं वाचून दाखवावें अशी त्यांची अपेक्षा असे. पत्र थोडक्यांत असे; दावा नामंजूर, कारण सेवेशीं संबंध नाहीं. अपिलाची मुदत शेवटच्या परिच्छेदांत कोठेंतरी लिहिलेली असे. पत्र ऐकून बहुतेक जण एकच वाक्य बोलत: सरकारनेंच नाहीं म्हटलें, तर आतां कोणाकडे जावयाचें? ज्यानें वरिष्ठाचा हुकूम वीस वर्षें बिनतक्रार मानला त्याच्या तोंडीं हें वाक्य स्वाभाविक आहे. शिस्त हा रणांगणावर त्याचा गुण. पण या कागदापुढें तोच गुण त्याला आडवा येतो.

ज्यांनीं हें वाक्य उच्चारलें नाहीं, त्यांनीं मात्र पुढच्यांसाठीं वाट पाडली. १९९३ सालीं माजी सॅपर मोहिंदरसिंग यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, रोग्यास प्रत्यक्ष तपासलेल्या वैद्यकीय मंडळाचें मत, रोग्याचें तोंडहि न पाहतां, हिशेब-खात्यांतील अधिकाऱ्यांनीं परस्पर बाजूला सारावयाचें नाहीं. त्यानंतरचा मोठा निकाल धरमवीरसिंग यांचा. हे १९८५ च्या जून महिन्यांत सिग्नल पथकांत शिपाई म्हणून दाखल झाले. नऊ वर्षें नोकरी केल्यावर फेफऱ्याच्या विकारामुळें १९९४ च्या एप्रिलांत त्यांना काढण्यांत आलें. अपंगत्व शेंकडा २० ठरलें, पण सेवेशीं संबंध नाहीं असा शेरा पडला. उच्च न्यायालयांत एका न्यायासनानें त्यांचा दावा मान्य केला, दुसऱ्यानें तो फिरविला. अखेर २ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नाहीं. मग तो आधींपासून होता असें म्हणणाऱ्या मंडळानें कारणें दिलीं पाहिजेत. कारणें नाहींत, तर गृहीत सैनिकाच्या बाजूनें. १९८२ च्या नियमांत हें सारें होतेंच. जें लिहिलेलें होतें तें वाचून दाखविण्यास एका शिपायाला १९ वर्षें भांडावें लागलें. पुढच्याच वर्षीं, २०१४ सालीं, सुखविंदरसिंग यांच्या प्रकरणांत न्यायालयानें असेंहि म्हटलें कीं, ज्याला रोगामुळें नोकरींतूनच काढलें त्याचें अपंगत्व शेंकडा २० हून अधिक आहे असेंच मानावें लागेल. नाहीं तर काढलें कशाला?

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर तें एकांगी होईल. तिजोरी जनतेची आहे, आणि खरे दावे व लटके दावे निवडण्याचें काम कोणास तरी करावेंच लागतें. गृहीत धरणें म्हणजे निकाल देणें नव्हे. सरकारनें सबळ कारण दाखविलें तर तें गृहीत ढळतें. २०१९ सालीं नरसिंग यादव यांच्या मनोविकाराच्या प्रकरणांत मंडळाचें तज्ज्ञ मत सर्वोच्च न्यायालयानें ग्राह्य मानलें आणि दावा फेटाळला. तेव्हां प्रत्येक अपील जिंकतेंच असें कोणी समजूं नये. मात्र प्रत्येक नकारामागें कारण असलें पाहिजे, आणि तें कारण मागण्याचा अधिकार सैनिकास आहे, एवढें निश्चित.

उशिराची किंमत काय पडते, हें तरसेमसिंग यांच्या प्रकरणावरून कळतें. हे १९८३ सालीं वैद्यकीय कारणानें सेवेंतून बाहेर पडले आणि न्यायालयांत गेले ते १९९९ सालीं. पेन्शन न देणें ही दर महिन्यास नव्यानें होणारी चूक आहे, म्हणून एवढ्या विलंबानंतरहि हक्क मेला नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं म्हटलें. परंतु मागील बाकी न्यायालयांत जाण्यापूर्वींच्या तीनच वर्षांची मिळाली. १६ वर्षांपैकीं १३ वर्षांचे पैसे बुडाले. सरकारनें ते हिरावून घेतले असें म्हणण्यापेक्षां, वेळेवर वाट दाखविणारा कोणी भेटला नाहीं असें म्हणणें मला अधिक खरें वाटतें.

ती वाट आतां थोडक्यांत सांगतों. नकाराचें पत्र आल्यापासून सहा महिन्यांच्या आंत पहिलें अपील करावयाचें. तें फेटाळलें गेलें तर पुन्हां सहा महिन्यांच्या आंत दुसरें. तेथेंहि दाद न लागली तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जावयाचें. याचा कायदा २००७ सालीं झाला आणि प्रत्यक्ष काम २००९ च्या ऑगस्टांत सुरू झालें. महाराष्ट्रासाठीं त्याचें पीठ मुंबईस आहे. त्यापूर्वीं हीं प्रकरणें उच्च न्यायालयांपुढें चालत. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालय आपल्या घटनादत्त अधिकारांत लक्ष घालूं शकतें, हें २०२३ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां स्पष्ट केलें. २१ सप्टेंबर २०२३ रोजीं नवे नियम जारी झाले; म्हणून अपील लिहिण्यापूर्वीं सैनिकानें सेवा कोणत्या तारखेस सोडली आणि त्याला कोणते नियम लागूं पडतात, हें आधीं पाहून घ्यावें. वैद्यकीय मंडळाच्या कागदांची नक्कल २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं मागतां येते. आपल्या जिल्ह्यांतहि सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथें विचारपूस करण्यास संकोच नको.

श्रोतेहो, माझें बोलणें ऐकणाऱ्या बहुतेक घरांत चार कागद वाचणारी, चार ओळी नीट लिहिणारी माणसें आहेत. आपल्या ओळखीचा पहारेकरी, बँकेच्या दारावरचा रखवालदार, गांवाकडचा चुलता किंवा मामा, यांच्यांत कोणी माजी सैनिक असेल. त्याच्या ट्रंकेंत पिवळें पडलेलें एक पत्र असेल. तें मागून घ्यावें आणि तीन गोष्टी पाहाव्यात. भरतीच्या वेळच्या कागदांत रोगाची नोंद आहे काय? मंडळानें नकाराचें कारण लिहिलें आहे काय? आणि पत्राची तारीख कोणती? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे अर्धें अपील लिहून झालें असें समजावें. मुदत टळली असली तरी विलंबाचें कारण सांगून अर्ज करतां येतो; कारण प्रामाणिक असावें म्हणजे झालें.

साडेतीनशें वर्षांपूर्वीं राजानें जखम स्वतः पाहिली आणि तिचें मोल दिलें. आज राजा नाहीं, राज्य आपलें आहे. तेव्हां जी व्याधि डोळ्यांना दिसत नाहीं ती कागदावर दिसेल अशी तजवीज करणें, हें कामहि आपल्याकडेच आलें आहे. तें काम फारसें कठीण नाहीं. एक शाईचें पेन, एक रजिस्टर्ड पाकीट आणि शेजाऱ्याच्या घरीं घालविलेली एक संध्याकाळ एवढ्यानें तें होतें.